शिवरात्र ते पाडवा: उन्हाळा अंगावर येण्याआधीची बाग

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. तिथपासून गुढीपाडव्यापर्यंत साधारण बत्तीस दिवस मिळतात. गच्चीतल्या आणि बाल्कनीतल्या बागेची वर्षातली सगळ्यात नाजूक कामं मी या बत्तीस दिवसांत उरकते. पाडव्यानंतर पाणी घालते, सावली धरते, फुलं आणि भेंड्या तोडते. मुळांना मात्र हात लावत नाही.

हा नियम मला एका सोनचाफ्याने शिकवला. एप्रिलच्या मध्यावर, सुट्टीचा दिवस आणि उत्साह दोन्ही एकदम हाताशी आल्यामुळे मी त्याला मोठ्या कुंडीत हलवलं. माती उत्तम, खत उत्तम, पाणी वेळेवर. पाचव्या दिवशी पानं लोंबली आणि पंधरवड्यात झाड वाळून काडी झालं. कुंडी बदलताना केसासारखी बारीक तंतुमुळं तुटतात आणि पाणी ओढण्याचं काम नेमकं तीच करतात. फेब्रुवारीत हवेला अजून गारवा असतो, पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे झाडाला नवी तंतुमुळं फोडायला दोन-तीन आठवड्यांची सवड मिळते. एप्रिलच्या कोरड्या दुपारी तेवढी उसंत नसते. वरून पाणी उडत राहतं आणि खालून ओढणारं कुणी नसतं.

मोबाइलवर वसंतातल्या बागकामाचे व्हिडिओ शोधले की बहुतेक थंड देशांतले सापडतात. तिकडे बर्फ वितळतो, माती मोकळी होते आणि पुढे कित्येक महिने सौम्य ऊन असतं. आपला वसंत असा ऐसपैस नसतो. पळस फुलला, कडुनिंबाला मोहोर आला, कोकीळ ओरडू लागली की मन प्रसन्न होतं खरं, पण मागोमाग वैशाख उभाच असतो.

तिथीबद्दल एक सावधगिरी. अधिक मासामुळे ती मागेपुढे सरकते. २०२३ मध्ये महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला आणि पाडवा २२ मार्चला होता. २०२४ मध्ये हेच दोन दिवस ८ मार्च आणि ९ एप्रिलला आले. त्या वर्षी तिथी धरून बसलं तर उशीर झालाच. म्हणून तिथी आठवणीसाठी, आणि कामासाठी तारीख: १० फेब्रुवारी ते २० मार्च. हा पुणे, नाशिक, सातारा पट्ट्याचा हिशेब. नागपूर, अकोला, जळगावकडे सगळं पंधरा दिवस अलीकडे ओढा. कोकणात हवा दमट असल्याने थोडं उशिरा चालून जातं.

पहिलं काम: ऊन कुठे सरकलं ते बघा

कुंडीला हात लावण्याआधी एक रविवार नुसता बघण्यात घालवा. सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता कुठल्या कुंडीवर ऊन आहे ते टिपून ठेवा. हे काम बहुतेक जण करत नाहीत आणि मग 'हिवाळ्यात छान होतं, आता काय झालं कळत नाही' म्हणतात.

झालेलं असतं ते असं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत येतं. मार्चपासून तो डोक्यावर चढत जातो. मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी तो बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काही क्षण नाहीशी होते. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याचा स्लॅब असेल, तर एप्रिल-मेमध्ये तिथे थेट ऊन जवळजवळ पोचतच नाही. उलट उत्तरेची बाल्कनी, जी हिवाळाभर अंधारी होती, तिथे सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन यायला लागतं. पश्चिमेची बाल्कनी मात्र दुपारी २ ते ६ भाजून काढते.

तेव्हा फेब्रुवारीतच ठरवा. मोगरा आणि भेंडी दक्षिणेच्या कठड्याच्या अगदी बाहेरच्या कडेला किंवा पूर्वेला. पश्चिमेला बोगनवेल, अडेनियम, चिनी गुलाब, कोरफड अशी चिवट मंडळी. फर्न, मनीप्लांट, ब्रह्मकमळ आत सावलीत. जड कुंड्या भरण्याआधीच त्या जागी ठेवा. २० लिटरची भिजलेली कुंडी २५-३० किलोंची होते आणि ती सरकवताना एक तर कुंडी फुटते, नाहीतर कंबर धरते.

कुंडी कुणाची बदलायची आणि कशी

सगळ्यांची बदलायची नाही. घातलेलं पाणी लगेच खालून निघून जात असेल, तळाच्या भोकातून मुळं डोकावत असतील, किंवा वर्षभर खत देऊनही नवी पानं लहान येत असतील, तर ती कुंडी बदला. बाकीच्यांची वरची दोन-तीन इंच माती खरवडून तिथे नवं खत भरलं तरी पुरतं. जे झाड आत्ता कळ्यांनी लगडलंय त्याला हात लावू नका. त्याचा बहर ओसरू द्या.

१. आदल्या संध्याकाळी पाणी घाला. सुकी माती मुळांवरून ढेकळासारखी निखळते आणि सोबत तंतुमुळंही तोडते.

२. कुंडी आडवी करून कडेला हाताने थापट्या मारा. झाड खोडाला धरून उपटू नका. निघत नसेल तर कडेने जुनी सुरी फिरवा.

३. मातीच्या गोळ्याभोवती गोल-गोल वेटोळी झालेली मुळं दिसतील. ती खालून आणि बाजूने साधारण एक इंच कापा. काळी, मऊ, वास येणारी मुळं पूर्ण काढा. जेवढी मुळं गेली त्या बेताने फांद्याही छाटा, म्हणजे झाडाचा जमाखर्च जुळतो.

४. नवी कुंडी जुनीपेक्षा फक्त दोन इंच मोठी. आठ इंचातलं झाड थेट अठरा इंचात टाकलं, तर मुळं न पोचलेली माती ओली राहून आंबते.

५. माती भरून खोडाभोवती हलकेच दाबा. जुनी पातळी होती तिथेच नवी ठेवा आणि वर पाणी साठायला दीड इंच मोकळे सोडा. खोड मातीत पुरलं की कुजतं.

६. तळातून पाणी निघेपर्यंत भिजवा, मग आठ-दहा दिवस सावलीत. या दिवसांत खत अजिबात नाही. नवी पालवी दिसली की हळूहळू उन्हात आणा.

मातीचं माझं प्रमाण: दोन भाग माती, दीड भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा घरचं कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), अर्धा भाग जाड वाळू आणि बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. आपल्याकडची काळी माती एकटी वापरली तर पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. भेग पडली की पाणी कडेने वाहून जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कोकणातली जांभ्याची लाल माती उलट वागते. पाणी धरत नाही, म्हणून तिथे कंपोस्ट वाढवा आणि वाळू काढून टाका. कोकोपीटची वीट आणली की भिजवून, पिळून, पाणी फेकून द्या. हे दोनदा करा, त्यात बरेचदा क्षार असतात. शेणखताला शेणाचा वास येत असेल तर ते अजून कच्चं आहे. तसंच घातलं तर त्याच्या उष्णतेने मुळं भाजतात आणि हुमणीची पांढरी अळी वर फुकट मिळते.

मोगरा: या दिवसांचा मानकरी

जागा एकाच झाडापुरती असेल तर मी मोगरा सांगेन. साधा, बटमोगरा, मदनबाण, हजारी, कुठलाही. मोगऱ्याची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, जुन्या काडीवर येत नाहीत. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं सगळं आपोआप कळतं. फूट जेवढी जास्त, तेवढे गजरे जास्त. आणि फूट यावी म्हणून झाडाला आधी थोडं उपाशी ठेवायचं, मग कापायचं, मग पोटभर वाढायचं.

जानेवारीच्या शेवटी पाणी कमी करा. जमिनीतल्या मोगऱ्याला दहा-पंधरा दिवस पाणी पूर्ण तोडलं तरी चालतं. कुंडीत तेवढा ताण सोसत नाही. पानं मलूल दिसली की तांब्याभर घाला, पुन्हा थांबा. काही पानं पिवळी पडून गळतील. गळू द्या, तेच हवंय.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात छाटणी. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवा आणि स्पिरिटने पुसलेला. आधी वाळलेल्या, पेन्सिलपेक्षा बारीक आणि आतल्या बाजूला गुंतलेल्या काड्या मुळापासून काढा. मग उरलेल्या फांद्या अर्ध्यावर आणा. प्रत्येक काप पेराच्या थोडा वर, तिरका. राहिलेली पानंही हाताने ओरबाडून टाका. झाड अगदी भुंडं दिसेल. घरातलं कुणीतरी येऊन 'मारलंस झाड' म्हणेलच. आमच्याकडे दरवर्षी म्हणतात, आणि एप्रिलमध्ये ओंजळभर फुलं घेऊन तेच देवाजवळ ठेवतात.

छाटणीनंतर खुरप्याने वरची दोन-तीन इंच माती काढा आणि दोन दिवस तशीच उन्हाला उघडी ठेवा. मग तिथे कंपोस्ट आणि मूठभर निंबोळी पेंड भरून पहिलं भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत लालसर पोपटी फूट येते आणि मार्चच्या शेवटी कळ्या दिसू लागतात. पहिला बहर संपला की फूल आलेली टोकं दोन पानांच्या जोड्यांसकट खुडा. पुन्हा फूट, पुन्हा कळ्या. असे तीन-चार बहर पावसापर्यंत सहज मिळतात.

मोगरा फुलत नाही याची कारणं दोनच असतात. एक तर ऊन पाच तासांपेक्षा कमी, नाहीतर नत्राचं खत जास्त. युरिया किंवा रोजचं शेणपाणी दिलं की झाड हिरवंगार, डेरेदार होतं आणि एक कळी देत नाही. लेख मार्चच्या मध्यावर हाती पडला असेल तर छाटणी अजूनही करा, फक्त माती उकरू नका. फांद्यांना उशीर चालतो.

कळ्या न उमलता जांभळट होऊन वाळत असतील तर ती कळीमाशी. कळीला बारीक भोक असेल तर अळी. दोन्हींत किडक्या कळ्या रोज वेचून घराबाहेर टाका, कुंडीत पाडू नका. कळीमाशीची पुढची पिढी खालच्या मातीतच तयार होते, म्हणून दर आठवड्याला वरचा इंचभर थर खुरप्याने हलवा आणि संध्याकाळी निंबोळी तेल फवारा.

बाकीची फुलझाडं, भराभर

जास्वंदीला फेब्रुवारीत एक तृतीयांश छाटा, पाऊस पडेपर्यंत ती दम खात नाही. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरची. आता फक्त वाळलेलं फूल खालच्या पाच पानांच्या पेरापर्यंत कापा, त्याहून खोल गेलात तर कोवळी फूट उन्हाने करपते. कुंदाचा बहर संपला की त्याला मोगऱ्यासारखाच भादरा. शेवंतीची फुलं झाली असतील तर झाड चार-पाच इंचांवर कापून अर्धवट सावलीत ठेवा. बुंध्यातून ज्या काश्या (मुळाजवळचे फुटवे) येतील त्याच मे-जूनला लावायच्या असतात. ते सुकलेलं झाड कचऱ्यात टाकणारे लोक दरवर्षी नव्याने शेवंती विकत घेतात.

निशिगंधाचे कंद मार्च-एप्रिलमध्ये लावा, दोन इंच खोल, बारा इंची कुंडीत तीन. फुटवे दिसेपर्यंत पाणी जपून. कढीपत्त्याचा शेंडा आता निर्धास्त मारा, बाजूने चार फांद्या येतील. त्याला आंबट ताक घालतात, मीही घालत होते, पण खरा फरक पडला तो छाटणीने आणि उन्हाने. ताकाचा वास मात्र सगळ्या मजल्याला कळला. कुंडीतल्या लिंबाला फुलं असतील तर पाणी अगदी नियमित ठेवा. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी बादलीभर असं केलं की मिरीएवढी लिंबं टपटप गळतात.

भाजीची निवड इथेच चुकते

कोबी, फ्लॉवर, मटार, गाजर, मुळा यांचा हंगाम संपला. टोमॅटोचं रोप नर्सरीत कितीही गुटगुटीत दिसलं तरी आता नको. पारा ३५ अंशांच्या वर गेला की फुलं धरत नाहीत, गळतात. पालक आणि कोथिंबीर आठवडाभर सुंदर दिसतात आणि मग तुऱ्यावर जातात. कोथिंबीर हवीच असेल तर धने रगडून दोन फाकी करा, शेडनेटखाली पेरा आणि पंधरा-वीस दिवसांचीच काढून खा.

उन्हात रमणाऱ्या भाज्या वेगळ्या: भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, राजगिरा, तांदुळजा, अंबाडी आणि सगळे वेल. पेरणी फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

भेंडीचं बी रात्रभर भिजवा, सकाळी एक इंच खोल थेट कुंडीत टोचा. रोप करून हलवू नका, तिचं सोटमूळ दुखावतं. दोन झाडांत एक फूट अंतर. पंचेचाळीस ते पन्नास दिवसांत पहिली भेंडी, आणि मग एक दिवसाआड तोडावीच लागते. एक जून झालेली भेंडी झाडावर राहिली की झाड 'काम झालं' समजून मंदावतं. पानांच्या शिरा पिवळ्या पडून पान हळदीसारखं दिसू लागलं तर तो केवडा रोग. पांढरी माशी तो पसरवते. झाड उपटा, उपाय नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं 'परभणी क्रांती' हे वाण या रोगाला बऱ्यापैकी तोंड देतं आणि त्याचं बी घरी धरून पुढच्या वर्षी वापरता येतं.

लाल माठ हे नव्या माणसासाठी सगळ्यात सोपं पीक. चार इंच खोल ट्रे चालतो, बी वाळूत मिसळून भुरभुरायचं, पंचवीस-तीस दिवसांत पहिली भाजी. मुळासकट उपटू नका, दोन इंच ठेवून कापा.

वेलांसाठी कुंडी मोठी हवी. काकडी-कारल्याला किमान २० लिटर, दोडका-दुधीला ३०-४०, आणि प्रत्येक कुंडीत एकच वेल. तीन लावले तर तिघंही उपाशी. मांडव आधी बांधा, बी नंतर लावा. वेल दहा पानांचा झाला की शेंडा खुडा. मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात.

आता ज्या प्रश्नाने वेलवाले हैराण असतात तो: फुलं येतात, फळ धरत नाही. पहिले आठ-दहा दिवस फक्त नर फुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. मादी फूल ओळखायचं ते मागच्या चिमुकल्या फळावरून. काकडीच्या फुलामागे बोटाच्या पेराएवढी काकडी असतेच. पाचव्या-सहाव्या मजल्यावर मधमाश्या येतील याचा भरवसा नसतो, मग ते काम आपण करायचं. नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला पिवळा परागदांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं.

वेळ मात्र वेलागणिक वेगळी. काकडी, कारलं आणि घोसाळं सकाळी उमलतात, तेव्हा ७ ते ९. दोडका आणि दुधी संध्याकाळी उमलतात. दुधीची पांढरी फुलं अंधारात पतंगांना दिसावीत अशीच असतात. मी एक पूर्ण उन्हाळा सकाळी चहाचा कप हातात घेऊन दोडक्याच्या मिटलेल्या फुलांशी झटापट केली आणि एकही दोडका धरला नाही. संध्याकाळी सहाला गेले असते तर हाती भाजी लागली असती.

पाचोळा गोळा करा, फुकट आहे

थंड देशांत पानगळ हिवाळ्याआधी होते. आपल्याकडची बरीच झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात, म्हणजे नेमकं ज्या महिन्यात मातीवर पांघरूण हवं त्याच महिन्यात रस्त्यावर पाचोळ्याचे ढीग पडतात. आणि लोक ते जाळतात. सोसायटीत झाडणाऱ्या मावशींना दोन रिकामी पोती देऊन ठेवा. पालापाचोळ्यातून माती घडवण्याची वाट श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने, म्हणजे शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटाने, महाराष्ट्राला केव्हाच दाखवली आहे, आपण फक्त पोती उघडायची.

वर्षावृक्ष, शिरीष, गुलमोहर यांची बारीक पानं आच्छादनाला उत्तम. आंब्या-फणसाची जाड पानं लवकर कुजत नाहीत, ती हाताने चुरडा किंवा कुंडीच्या तळाशी घाला. निलगिरी नको. थर दोन-तीन इंच, पण खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी. नाहीतर ओलीने खोडाची साल कुजते.

दुसरा फुकटचा माल रसवंतीवर. फेब्रुवारीपासून चौकाचौकांत गुऱ्हाळं लागतात आणि उसाची चिपाडं ते आनंदाने देतात. तशीच आणून पसरलीत तर साखरेला मुंग्या लागतात आणि मुंग्या आल्या की मागून मावा आणि पिठ्या ढेकूण, कारण त्यांचा गोड स्राव चाटायला मुंग्या त्यांना अक्षरशः राखतात. चिपाडं एक रात्र पाण्यात बुडवा, ते पाणी कंपोस्टच्या ढिगावर ओता, चिपाडं दोन दिवस कडक उन्हात वाळवा, मग घाला. भेंडीच्या कुंडीत असं आच्छादन केलं की दिवसातून दोनदा लागणारं पाणी एकदाच पुरतं.

पाणी आणि सावली

रोज किती पाणी, याला एकच उत्तर नाही. बोट दोन इंच मातीत खुपसा. ओलं लागलं तर थांबा, कोरडं लागलं तर तळातून निघेपर्यंत घाला. रोज तांब्याभर शिंपडणं सगळ्यात वाईट, त्याने मुळं वरच राहतात आणि तीच आधी भाजतात. वेळ सकाळी ९ च्या आत. दुपारी पानं मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतू नका. वेलांची रुंद पानं भर उन्हात अशीच लोंबतात आणि सहा वाजता पुन्हा ताठ होतात. सकाळी लोंबलेली असतील तर मात्र तहान खरी.

मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात झिलई नसलेलं साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा, पाण्याने भरा, वर झाकण ठेवा. ते झिरपत राहतं आणि मुळं स्वतः त्याच्याकडे जातात. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी रोज वापरू नका. क्षार साठून कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरतात आणि पानांची टोकं करपतात. एसीचं पाणी, तांदूळ-डाळ धुतल्याचं पाणी चालतं. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या करा, डेंग्यूचा डास तेवढ्या पाण्यात सुखाने वाढतो.

शेडनेट पाडव्याच्या आसपास बांधा, हिरवं, ५० टक्क्यांचं. फळभाज्यांवर ३५ टक्के पुरे. ते झाडांना टेकलेलं नको, दोन-तीन फूट वर हवं. आणि गच्चीवर कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नका. दुपारी अनवाणी उभं राहून बघा, मुळांना काय होत असेल ते कळेल. दोन विटा पुरतात.

कीड: आठवड्याला दहा मिनिटं

पानांची पाठ बघायची सवय लावा. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण, जास्वंदीवर हमखास. सुरुवातीला जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी पुरतं, फांदी पूर्ण भरली असेल तर कापून पिशवीत बांधून टाका. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे जाळं म्हणजे लाल कोळी. तो कोरड्या उन्हात फोफावतो, म्हणून पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा हाच पहिला उपाय. कोवळी पानं वरच्या बाजूला वळून चुरगळली असतील तर फुलकिडे. वेलांच्या पानांवर पिठासारखी भुरी दिसली तर ती पानं काढा आणि संध्याकाळी वेलाला भिजवणं थांबवा.

निंबोळी तेल एका लिटरला ५ मिली. आधी ते अर्धा चमचा द्रव साबणात नीट घोटा, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं. उन्हात फवारलंत तर पानं जळतील, सूर्य कलल्यावरच. घरी अर्क करायचा तर वाळलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून त्याच दिवशी वापरा. फूल उमललेल्या वेळी काहीच फवारू नका, आलेली एखादी मधमाशीही जाईल.

मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी येतोच, कधी गारांसकट. वेलांचे बांध आधीच घट्ट करा. पाऊस पडून गेला की आच्छादन एक दिवस बाजूला सारून माती सुकू द्या आणि फाटलेली पानं कापा. दुसऱ्या दिवशी लगेच खत घालून झाडाला 'ताकद' देण्याचा मोह आवरा.

आठ दिवस गावाला जायचं असेल

मे महिन्यात प्रश्न हाच असतो. निघण्याच्या तीन दिवस आधी सगळ्या कुंड्या एकत्र, भिंतीच्या सावलीत, एकमेकींना चिकटवून ठेवा. उमललेली फुलं आणि धरलेली फळं काढून टाका, तीच सगळ्यात जास्त पाणी पितात. आच्छादनाचा थर चार इंच करा. मधोमध पाण्याची बादली उंचावर ठेवून तिच्यातून प्रत्येक कुंडीत जुन्या सुती साडीच्या जाड पिळलेल्या चिंध्या सोडा. चिंधीचं एक टोक बादलीच्या तळाला, दुसरं मातीत तीन इंच. आधी दोन दिवस घरी असतानाच करून बघा, म्हणजे बादली किती दिवस पुरते ते कळेल. बादलीला फडकं बांधा, डासांसाठी. शेजाऱ्यांना किल्ली देणार असाल तर 'रोज पाणी घाला' असं सांगू नका. कुठल्या कुंडीत किती तांबे, ते खडूने कुंडीवरच लिहा. माझी कोरफड एकदा अशा प्रेमाने कुजली आहे.

परत आल्यावर एखादं झाड वाळून गेलेलं दिसेल. लगेच उपटू नका. नखाने साल खरवडा. खाली हिरवं दिसलं तर सावलीत ठेवून थोडं थोडं पाणी घाला आणि दहा-बारा दिवस थांबा. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली, बुंध्याजवळ खरवडून बघा. मोगरा आणि जास्वंद पुष्कळदा तिथूनच परत फुटतात.